वळचणीच्या पाण्याचे अर्थशास्त्र

आमच्या सारोळ्याच्या बाजूला घरे वाढविण्याचा एक ठरलेला हंगाम आहे. दिवाळी होते, सुगी आवरते, हातात चार पैसे येतात, आणि विटांच्या व खडीच्या गाड्या गावाकडे वळू लागतात. अक्षय्य तृतीयेच्या आत स्लॅब पडावा आणि मृगाच्या आत गिलावा व्हावा, असा गवंड्याशी बोलीचा करार असतो. भांडणांचा हंगाम मात्र त्यानंतर, पहिल्या मोठ्या पावसाबरोबर सुरू होतो. ज्या दोन घरांत मार्गशीर्षापर्यंत ताटाची देवघेव होती, त्या घरांतील माणसे आषाढात एकमेकांच्या भिंतीकडे बोट दाखवून बोलू लागतात. घर कोरड्या ऋतूत बांधले जाते आणि त्याची परीक्षा ओल्या ऋतूत होते. मधल्या सहा महिन्यांत पाण्याची आठवण ना मालकाला असते, ना गवंड्याला, ना परवानगी देणाऱ्या कार्यालयाला.

अग्रलेखाच्या पानावर गटाराचा आणि पन्हळीचा विषय काढणे काही वाचकांना अप्रस्तुत वाटेल. धरणांविषयी, नदीजोडाविषयी, समन्यायी पाणीवाटपाविषयी येथे पुष्कळ लिहिले जाते, आणि तसे लिहिले जावेही. परंतु सामान्य गृहस्थाच्या आयुष्यात पाण्याच्या वाटपाचा पहिला वाद धरणावर होत नाही. तो दोन भिंतींमधल्या दीड हाताच्या बोळात होतो. त्या वादात कुटुंबे दुरावतात, दावे वर्षानुवर्षे चालतात, आणि कधी कधी भिंत पडते. म्हणून हा विषय.

सारोळे हे भोर तालुक्यातील गाव पुणे–सातारा रस्त्यावर नीरेच्या अलीकडे आहे. नदी ओलांडली की सातारा जिल्हा आणि शिरवळ. शिरवळच्या परिसरात कारखाने आले, तशी त्या कारखान्यांत कामाला येणारी माणसे नदीच्या दोन्ही बाजूंना भाड्याची खोली शोधू लागली. पूर्वी घराला खोली वाढे ती बहुधा मुलाच्या लग्नाच्या निमित्ताने. आता ती भाड्यासाठीही वाढते, आणि त्यात गैर काही नाही. कोरडवाहू शेतीच्या भरवशावर न राहता घराने मिळवते व्हावे, ही इच्छा अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने तरी वाईट ठरवू नये. प्रश्न इतकाच की, गावठाणातली जागा वाढत नाही. खोली वाढते ती परसातल्या मातीवर, गोठ्याच्या जागी, किंवा शेजारच्या घराच्या आणि आपल्या घराच्या मधल्या मोकळ्या पट्टीवर. ती पट्टी रिकामी दिसत असली तरी निरुपयोगी नव्हती. ती पाण्याची होती.

जुन्या कौलारू घराला वळचण असे. छपराची पाखी भिंतीच्या पुढे हात-दीड हात येई, आणि तिच्या कडेने पागोळ्या गळत. त्या जेथे पडत तेथे जमिनीवर ठिपक्यांची एक रेघ उमटे. तेथे दगड बसवलेले असत, नाहीतर पाण्यानेच केलेली उथळ चर असे. ही रेघ म्हणजे घराची खरी सीमा होती. भिंत घराची, आणि पागोळीपर्यंतची जमीनही घराचीच, असा व्यवहार होता. जुन्या खरेदीखतांत पन्हळ-पागोळीचे उल्लेख सापडतात ते यामुळेच. मोठ्या वाड्यांची रीत आणखी निराळी होती. भोरचा राजवाडा पाहिलेल्यांना त्याचे चौक आठवत असतील. चौसोपी वाड्याच्या आतल्या पाख्या चौकात उतरतात. चौकातले पाणी दगडी मोरीने, जोत्याखालून, वाड्याच्या मालकाने ठरविलेल्या जागी बाहेर पडते. आपल्या छपराचे पाणी आधी आपल्या पोटात घ्यावे आणि मग वाट करून बाहेर सोडावे, ही त्या रचनेतली शिस्त आहे. तिच्यामागे सौजन्य होते की केवळ सोय, हे सांगणे कठीण. पण शेजाऱ्याच्या दृष्टीने दोन्हींचे फळ एकच.

ही चिंता केवळ आपल्याकडची नव्हे. इसवी सन ५३३ मध्ये सिद्ध झालेल्या जस्टिनियनच्या रोमन कायद्यात शेजाऱ्याच्या पागोळ्या आपल्या जागेत पडू देण्याच्या अधिकारास स्वतंत्र नाव आहे. इंग्रजीत चोरून ऐकण्याला ‘ईव्हज्‌ड्रॉपिंग’ म्हणतात. त्या शब्दाचा मूळ अर्थ वळचणीच्या पागोळ्यांची जागा असा आहे. तेथे उभे राहून जो आतले बोलणे ऐकतो, तो ‘ईव्हज्‌ड्रॉपर’. आपल्याकडेही वळचणीला उभे राहून ऐकणारी माणसे काही कमी नाहीत. मात्र आता वळचणच न उरल्यामुळे त्यांची गैरसोय झाली आहे.

आता थोडा हिशेब करू, कारण या विषयात भावनेपेक्षा गणित अधिक बोलके आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी झाले. हा हिशेब सातवीच्या विद्यार्थ्यालाही करता येतो, आणि तरीही घर बांधताना तो कोणी करीत नाही. बारा फूट बाय पंधरा फुटांची एक खोली वाढवली, तर छप्पर १८० चौरस फूट, म्हणजे सुमारे पावणेसतरा चौरस मीटर झाले. पुणे शहराचा वर्षाचा सरासरी पाऊस सुमारे ७०० मिलिमीटर आहे. भोर तालुक्याच्या पश्चिमेला, घाटमाथ्याकडे, तो याच्या कितीतरी पट पडतो. पुण्याचाच आकडा धरला तरी त्या एका खोलीवर वर्षाला साडेअकरा हजार लिटरांहून अधिक पाणी उतरते. दहा हजार लिटरांचा एक टँकर भरून वर उरेल इतके. चैत्र-वैशाखात ज्या टँकरची वाट आपण रस्त्यावर उभे राहून पाहतो, तो टँकर श्रावणात आपण शेजाऱ्याच्या पायात रिकामा करतो.

परंतु वर्षाच्या आकड्याने भिंत पडत नाही. ती तासाच्या आकड्याने पडते. हवामान खात्याच्या भाषेत चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटर वा अधिक पाऊस झाला म्हणजे तो ‘जोरदार’. हाच पाऊस दिवसभर रिमझिमत पडला तर जमीन तो बहुतांशी पिऊन टाकते, आणि एका तासात पडला तर ओढे भरतात. एका तासात ५० मिलिमीटरची सर आली असे धरा. जुने घर ६०० चौरस फुटांचे आणि नवी खोली १८० चौरस फुटांची. दोन्हींचे पाणी एकत्र केले तर तासाला छत्तीसशे लिटर, म्हणजे मिनिटाला साठ लिटर. दर पंधरा सेकंदांना एक मोठी घागर शेजारच्या भिंतीच्या बुडाशी कोणी ओतत आहे, असे चित्र डोळ्यांपुढे आणावे. कौलारू पाखीवरून हेच पाणी वीस-तीस फूट लांबीवर थेंबाथेंबाने विखुरले जात असे. स्लॅबवरून ते एका किंवा दोन नळ्यांतून एका ठिकाणी कोसळते. पाणी तेवढेच आहे. घाव निराळा आहे. त्यात पूर्वी ज्या परसात माती होती तेथे आता कोबा किंवा सिमेंटच्या ठोकळ्यांची फरशी असते. मातीने निम्म्याहून अधिक पाणी मुरवले असते. कोबा जवळजवळ सारेच पुढे ढकलतो.

हे मला पुस्तकातून कळले असते तर बरे झाले असते. मला ते काकींच्या भिंतीवरून कळले. काही वर्षांपूर्वी आम्ही सारोळ्यातील घराच्या मागे अशीच एक खोली वाढवली. आमच्या आणि चुलत्यांच्या घरामध्ये अडीच हातांची बोळ होती. खोलीनंतर ती हातभर राहिली. स्लॅबचा उतार त्याच बाजूला सोयीचा पडत होता, म्हणून दोन नळ्या तिकडे काढल्या. मी गवंड्याला विचारले नव्हते असे नाही. तो म्हणाला, ‘पाणी पहिल्यापासून तिकडंच जातंय की.’ हे खरे होते, आणि म्हणूनच ते मला पटले. पूर्वीही पाणी तिकडेच जात होते. पण ते पाखीच्या साऱ्या लांबीवर, मातीच्या परसात, दीड हात अंतरावर पडत होते. आता ते तीन इंची नळीतून, सिमेंटच्या हातभर पट्टीवर, थेट समोरच्या भिंतीवर उडत होते. काकींची ती भिंत खाली दगडमातीची आणि वर पांढऱ्या मातीच्या भेंड्यांची. श्रावणात तिच्यावर ओल चढू लागली, भाद्रपदात पोट बाहेर आले, आणि एका रात्री ती आत बसली. काकी पुढच्या सोप्यात झोपल्या होत्या, म्हणून जिवावरचे टळले. ज्वारीची कणगी तेवढी भिजली.

सकाळी मी गेलो तेव्हा त्या भिजलेली ज्वारी चादरीवर पसरत होत्या. त्यांनी आवाज चढवला नाही. एवढेच विचारले, ‘तुझा पाऊस माझ्या घरात का पडतो रे?’

त्याच आठवड्यात मी वर्गात ‘बाह्य परिणाम’ हे प्रकरण शिकवीत होतो. ए. सी. पिगू यांनी १९२० च्या आपल्या कल्याणविषयक ग्रंथात मांडलेला विचार असा की, एखाद्या कृतीचा लाभ एकाला मिळतो आणि तिचा काही खर्च दुसऱ्यावर पडतो, तेव्हा बाजारातील किंमत खोटी ठरते. आम्ही कारखान्याच्या धुराचे उदाहरण देतो, कारण पाठ्यपुस्तकात ते आहे. माझ्या स्वतःच्या खोलीचे उदाहरण त्याहून अचूक होते. नळ भिंतीवरून आमच्याच बाजूने खाली उतरवून रस्त्याच्या गटारापर्यंत नेण्याचा जो खर्च आम्ही वाचवला, तो नाहीसा झाला नव्हता. तो बोळ ओलांडून काकींच्या घरात गेला होता, आणि जाताना वाढून गेला होता. भिंत आम्ही बांधून दिली. तिच्या खर्चाच्या विसाव्या हिश्श्यात नळ झाला असता. भिजलेल्या ज्वारीचा आणि त्या रात्रीच्या भीतीचा हिशेब यात धरलेला नाही.

पिगूंच्या विचाराला रोनाल्ड कोस यांनी १९६० मध्ये एका प्रसिद्ध निबंधात आव्हान दिले. पुढे १९९१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या निबंधात त्यांनी घेतलेल्या उदाहरणांपैकी एक घर वाढविण्याचेच आहे, हे फारसे कोणाच्या ध्यानात राहत नाही. इंग्लंडमध्ये १८७६ साली एका घरमालकाने आपले घर पाडून पुन्हा बांधले, भिंत शेजाऱ्याच्या धुराड्यांच्या बाजूने उंच नेली, आणि वर लाकडे रचली. शेजाऱ्याच्या चुलीचा धूर कोंडून त्याच्याच खोलीत परतू लागला. ब्रायंट विरुद्ध लेफेव्हर या नावाने तो दावा चालला. अपील न्यायालयाने १८७९ मध्ये निकाल दिला तो भिंत बांधणाऱ्याच्या बाजूने: चूल तुम्ही पेटवता, तेव्हा धूर तुमचा. कोस यांचे म्हणणे असे की, धूर दोघांनी मिळून निर्माण केला. चूल नसती तर धूर नव्हता आणि भिंत नसती तरी त्रास नव्हता. दोघांनी बसून बोलणे फुकट आणि सोपे असते, तर कायदा कोणाच्याही बाजूने असला तरी त्यांनी शहाणा तोडगा काढला असता.

या ‘तर’मध्ये सारे काही आहे, आणि कोस यांचाही रोख अखेर त्यावरच होता. बोलणे फुकट नसते. इंग्लंडमध्ये वकिलाचा खर्च आड येत असेल. सारोळ्यात भावकी आड येते. घर वाढविणारा हा बहुधा दोघांतला सबळ असतो. त्याच्याकडे नोकरीचा पगार असतो किंवा भाड्याचे उत्पन्न येणार असते. शेजारी वृद्ध असतो, मुले पुण्याला असतात, घर मातीचे असते. भिंत बांधली जात असताना ‘पाणी कुठे सोडणार’ असे विचारणे म्हणजे शुभकार्यात अपशकुन करणे. वास्तुशांतीचे जेवण जेवून आल्यावर तर तोंडच बंद होते. आणि भिंतीला ओल दिसू लागते तेव्हा स्लॅब पडून गेलेला असतो, उतार बदलता येत नसतो. सौदा करण्याची जी वेळ, ती कोरड्या ऋतूत निघून गेलेली असते. काकींनी आमचा पाया खणला जात असताना सारे पाहिले होते. त्यांना कळत नव्हते असे नाही. मी कॉलेजात शिकवणारा पुतण्या, आणि मला उताराचे ज्ञान असणार, अशी त्यांची समजूत होती.

कायद्याने या बाबतीत मुळीच लक्ष घातलेले नाही असे कोणी समजू नये. १८८२ चा भारतीय सुविधाधिकार अधिनियम आपल्या भागात लागू आहे. वरच्या जमिनीवर पडलेले पाणी नैसर्गिकपणे खालच्या जमिनीवर वाहू देणे खालच्या मालकास भाग आहे, हे तत्त्व त्यात आहे. आणि आमच्या गवंड्याचे वाक्य म्हणजे याच तत्त्वाचा ग्रामीण अनुवाद होता. परंतु छपरावर एकवटून नळीतून सोडलेले पाणी ‘नैसर्गिकपणे’ वाहत नसते. दुसरे तत्त्व वहिवाटीचे. वीस वर्षे उघडपणे, शांततेने, हक्क म्हणून आणि खंड न पडता पागोळ्या शेजारच्या जागेत पडत आल्या असतील, तर तो अधिकार दृढ होतो. येथेच बहुतेक जण थांबतात आणि ‘आमचे पाणी बापजाद्यांपासून तिकडे आहे’ असे म्हणून मोकळे होतात. त्याच अधिनियमाचे २३ वे कलम त्यांनी वाचलेले नसते. अधिकाराचा उपभोग घेण्याची रीत वा जागा बदलता येते, पण शेजाऱ्याच्या जागेवर त्यामुळे जादा बोजा पडता कामा नये, असे ते सांगते. कौलाच्या पागोळीचा अधिकार म्हणजे स्लॅबच्या नळीचा अधिकार नव्हे. एका पाखीचा अधिकार म्हणजे नव्या खोलीच्या छपराचाही अधिकार नव्हे.

मग उणे कोठे आहे? मला वाटते, ते कायद्याच्या तत्त्वात नसून परवानगीच्या कागदात आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या ५२ व्या कलमाने गावाच्या हद्दीत बांधकामापूर्वी परवानगीची अट घातली. नियोजन प्राधिकरणे आल्यापासून परवानगी देणारे कार्यालय जागेनुसार बदलते, पण कागद साधारण तोच राहतो: जागेचा उतारा, चतुःसीमा, खोल्यांची मापे, कर भरल्याची पावती. दारे-खिडक्या दाखवा म्हणतात. पाणी कोठून कोठे जाणार ते दाखवा, असे लहान घराच्या बाबतीत आग्रहाने कोणी विचारीत नाही. डिसेंबर २०२० पासून राज्यात लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत पर्जन्यजल संधारणाची सक्ती आहे, आणि ती नव्या बांधकामाप्रमाणे वाढीव बांधकामालाही आहे. परंतु ती ५०० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडांना. पाचशे चौरस मीटर म्हणजे जवळजवळ पाच गुंठे. गावठाणात पाच गुंठ्यांचे घर किती जणांचे असते? जेथे घरे सुटी आणि जागा ऐसपैस, तेथे नियम आहे; जेथे भिंतीला भिंत आणि पाण्याला जागा नाही, तेथे तो पोहोचत नाही.

आणखी एक संधी आपल्या डोळ्यांदेखत निसटत आहे. गावठाणांची ड्रोनद्वारे मोजणी करून घरमालकांना मिळकत पत्रिका देण्याचे काम चालू आहे. त्याचा आरंभीचा प्रयोग आपल्याच जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे झाला, आणि एप्रिल २०२० मध्ये केंद्राने ‘स्वामित्व’ योजना देशभरासाठी जाहीर केली. ज्या घराला पिढ्यान्‌पिढ्या नीट कागद नव्हता त्याला तो मिळणे, ही थोर गोष्ट आहे. कर्ज मिळते, वाटण्या सोप्या होतात. या मिळकत पत्रिकेत ‘सुविधाधिकार’ असे एक स्वतंत्र सदर असते. मी पाहिलेल्या पत्रिकांत ते कोरे होते. आकाशातून छपराची कड दिसते. पागोळी कोणाच्या जागेत पडते ते दिसत नाही, ते जमिनीवर उभ्या असलेल्या दोन शेजाऱ्यांनाच ठाऊक असते. सीमा आखताना दोघेही हजर असतील, तर त्याच वेळी पाण्याची वाट विचारून ते सदर भरणे फार कष्टाचे नाही. आज ते कोरे सोडले, तर पक्क्या झालेल्या सीमेच्या जोरावर उद्या जो तो आपल्या शेवटच्या इंचापर्यंत भिंत नेईल, आणि कागदाने मिटलेला जमिनीचा वाद पाण्याच्या रूपाने पुन्हा उभा राहील.

तांत्रिक बाजू अवघड नाही, हे मुद्दाम सांगितले पाहिजे, कारण ‘इंजिनिअर कोठून आणायचा’ हा नेहमीचा बचाव असतो. तासाला १०० मिलिमीटर पावसाचा अंदाज धरला, तर चार इंची एक उभा नळ सुमारे चाळीस चौरस मीटर छपराला पुरतो. तीन इंची नळ त्याच्या निम्म्यालाच. म्हणजे वर सांगितलेल्या घराला चार इंची दोन नळ हवेत, आणि ते बांधणाऱ्याच्या जागेत उतरले पाहिजेत. स्लॅबला शंभराला एक तरी उतार हवा, आणि तो कोणत्या दिशेला हे स्लॅब पडण्यापूर्वी ठरले पाहिजे, शटरिंग निघाल्यावर नव्हे. नळाच्या तोंडाशी जाळी आणि पायाशी लहान चेंबर असावे. पावसाचे पाणी संडासाच्या टाकीत सोडण्याची जी एक आळशी पद्धत रूढ होत आहे, ती तर घातकच. एका सरीत टाकीतली घाण उचलून ती गल्लीत आणून ठेवते. शोषखड्डा करावा, परंतु जमीन पाहून. मुरमाड जागेत तो उत्तम चालतो. नदीकाठच्या काळ्या जमिनीत पाणी मुरत नाही आणि माती फुगते; तेथे पायालगत खड्डा केला तर भिंतीला तडे जातात, मग ती भिंत स्वतःची असो वा शेजाऱ्याची. त्यापेक्षा छपराचे पहिले पाणी सोडून देऊन पुढचे टाकीत साठवावे, आणि टाकी भरल्यावरचे पाणी उघड्या चरीने रस्त्याच्या गटारात न्यावे.

गटार जागेवर असले तर! येथे ग्रामपंचायतींनाही दोन शब्द सुनावणे प्राप्त आहे. जुन्या रस्त्यावर नवा सिमेंटचा थर टाकायचा, त्यावर काही वर्षांनी आणखी एक, अशा रीतीने गल्ल्या घरांच्या ओट्यांपेक्षा वर चढल्या आहेत. रस्ता झाला म्हणून नारळ फुटतो, आणि पहिल्याच पावसात गल्लीचे पाणी उंबरा ओलांडते. मग घरमालक जोते वाढवतो, त्याच्या शेजारचा त्याहून वाढवतो. ज्याच्याजवळ भराव घालायला पैसा नाही, त्याच्या दारात सर्वांचे पाणी जमते. गावातील पाणी उतारावरून खाली जाते असे आपण भूगोलात शिकतो. प्रत्यक्षात ते पैशाच्या उतारानेही जाते.

एकेका छपराचे पाणी किरकोळ, असे वाटत असेल त्यांनी २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र आठवावी. कात्रज परिसरात कोसळलेल्या पावसाने पुण्याच्या आंबिल ओढ्याला पूर आला, संरक्षक भिंती वाहून गेल्या, आणि शहर व परिसर मिळून वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. आपल्याच रस्त्यावर, खेड-शिवापूरजवळही माणसे वाहून गेली. त्या रात्रीचा पाऊस विलक्षण होता, हे मान्य. परंतु ओढ्याचे पात्र आवळत आणणारी बांधकामे आणि पाणी मुरू न देणारी छपरे व फरश्या एका रात्रीत उभ्या राहिल्या नव्हत्या. त्यांतील प्रत्येक बांधकामाच्या वेळी कोणीतरी ‘एवढ्याने काय होते’ असे म्हटले असणार. सारोळ्यासारखी महामार्गावरची गावे आज त्या वाटेच्या आरंभाला आहेत. येथे अजून ओहोळ ओळखू येतात, अजून कोणाच्या घरामागून कोणते पाणी जाते हे सांगणारी म्हातारी माणसे आहेत.

माझी सूचना साधी आहे. बांधकामाच्या अर्जात एक ओळ वाढवावी: छपराचे व अंगणाचे पाणी कोठे सोडणार? तिच्याखाली हाताने काढलेला नकाशा, त्यावर बाणांनी दाखविलेली पाण्याची वाट, आणि ज्यांच्या भिंती लागून आहेत अशा शेजाऱ्यांच्या सह्या. याला एक आक्षेप येईल, आणि तो खोटा नाही. आणखी एक कागद म्हणजे आणखी एक खेटा, आणि अडवणुकीला आणखी एक जागा. कुरापतखोर शेजारी सही नाकारील, ही भीती तर आहेच. म्हणून शेजाऱ्याला नकाराचा अधिकार देऊ नये. नकाशा पाहिल्याची सही घ्यावी आणि हरकत असल्यास ती तेथेच लिहू द्यावी. इंजिनिअरचा दाखला मागू नये. पुढे भिंत पडली तर कोणी काय दाखविले होते आणि कोणी काय केले, एवढे त्या कागदावरून कळले तरी पुरे. येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत हा ठराव मांडावा, असे आम्ही काही जणांनी ठरविले आहे.

आमच्या खोलीचे दोन्ही नळ आता आमच्या परसात उतरतात. एक टाकीत जातो, दुसरा चरीने रस्त्याच्या गटाराकडे. मोठी सर आली की आंब्याची पाने जाळीवर बसतात आणि पाणी पुन्हा बोळीकडे वळू पाहते, म्हणून गावी असलो तर रात्री बॅटरी घेऊन जाळी साफ करावी लागते. गेल्या पावसात मी असाच बाहेर आलो, तर पलीकडे काकी इरले घेऊन उभ्या होत्या. त्यांनी काठीने पाने आधीच काढली होती.

‘मी नसले की बघत जा,’ त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या.